कंपनीचा ई-मेल : किल्ली कोणाकडे आणि पहारा कोणाचा?

(पुसद येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय तसा रुक्ष आहे. कंपनीचा ई-मेल सर्व्हर कसा सांभाळायचा आणि त्याचं रक्षण कसं करायचं. पण समोर बघतोय तर जिनिंगवाले आहेत, पतसंस्थेचे लोक आहेत, कृषी सेवा केंद्र चालवणारे आहेत, इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं आहेत आणि मागे दोन-तीन सीए मंडळीही दिसतायत. म्हणजे ज्यांचे पैसे जाऊ शकतात ते, ज्यांना ते थांबवता येईल ते आणि पैसे गेल्यावर ज्यांना हिशोब लावावा लागतो ते, असे सगळेच हजर आहेत. तेव्हा विषय रुक्ष असला तरी कामाचा आहे.

पहिली समजूत आधी बाजूला काढू. "आपण पुसदचे. आपल्याला कोण हॅक करणार?" हे वाक्य मी यवतमाळला ऐकलं, वाशीमला ऐकलं, नांदेडलाही ऐकलं. गंमत अशी की चोर गाव बघून येतच नाही. त्याचा प्रोग्रॅम रात्रंदिवस जगभरच्या सर्व्हरांची दारं हलवून बघत असतो. ज्याची कडी निघाली, ते घर त्याचं. मुंबई की पुसद, हे त्याला नंतर कळतं. आणि नंतर कळलं तरी त्याला फरक पडत नाही, कारण पंचवीस लाख रुपये पुसदचे असले तरी पंचवीस लाखच असतात.

शंभर गाठींचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण पद्धत अगदी खरी आहे.

समजा, इथल्या एका जिनिंगने कोईमतूरच्या सूतगिरणीला कापसाच्या शंभर गाठी पाठवल्या. १७० किलोची एक गाठ धरली तर सतरा टन माल. आजच्या भावाने पंचवीस लाखांच्या आसपास रक्कम. बिल मेलने गेलं. दुसऱ्या दिवशी गिरणीला त्याच मेलच्या साखळीत उत्तर आलं, "आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, कृपया या वेळचं पेमेंट खालील खात्यात करावं." पत्ता तोच. सहीखालचं नाव तेच. आधीचं सगळं संभाषण खाली तसंच्या तसं. गिरणीच्या अकाउंटंटने आरटीजीएस केलं. आठ दिवसांनी इकडून फोन गेला, "भाऊ, पैसे आले नाहीत." तिकडून उत्तर आलं, "आम्ही तर केव्हाच पाठवले."

आता सांगा, तोटा कोणाचा? जिनिंगवाला म्हणणार, मला पैसे मिळाले नाहीत. गिरणीवाला म्हणणार, मेल तुमच्याच पत्त्यावरून आला होता. दोघंही खरं बोलतायत. पंधरा वर्षांचा व्यवहार एका मेलवर मोडतो, आणि बहुतेक वेळा बळी जातो तो महिना अठरा हजारावर काम करणाऱ्या अकाउंटंटचा. "तूच पाठवले ना?" म्हणून.

हे झालं कसं? दोन महिन्यांपूर्वी जिनिंगच्या ऑफिसात एक मेल आला होता, "तुमचा मेलबॉक्स भरला आहे, चालू ठेवण्यासाठी इथे लॉगिन करा." कोणीतरी पासवर्ड टाकला. त्या दिवशी काहीच झालं नाही. चोर आत शिरला आणि गप्प बसला. त्याने मेलबॉक्समध्ये एक नियम लावला, की ज्या मेलमध्ये बिल, पेमेंट, बँक असे शब्द असतील त्याची एक प्रत मला पाठव. दोन महिने तो तुमचा व्यवहार वाचत बसला. मोठं बिल निघालं त्या दिवशी त्याने आपलं काम केलं.

या प्रकाराला बिझनेस ई-मेल कॉम्प्रमाइज म्हणतात. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ साली अशा फसवणुकीत नोंदला गेलेला तोटा सुमारे २९० कोटी डॉलरचा होता. त्याच वर्षी ज्या रॅन्समवेअरची एवढी चर्चा होते, त्याचा त्यांच्याकडे नोंदलेला तोटा सहा कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे बातमी रॅन्समवेअरची होते आणि पैसा साध्या मेलने जातो.

मोठ्या बँकाही यातून सुटल्या नाहीत. २०१६ च्या जुलैमध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियाच्या परदेशातल्या खात्यातून १७ कोटी १० लाख डॉलर वळवण्याचा प्रयत्न झाला. छापून आलेल्या माहितीप्रमाणे सुरुवात एका मेलच्या अटॅचमेंटपासून झाली, आणि तो मेल रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखा दिसत होता. बँकेच्या लोकांनी हिशोब जुळवताना फरक वेळेत पकडला, म्हणून पैसे वाचले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेश बँकेचे आठ कोटी दहा लाख डॉलर गेले. तिथे चोरांनी बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाचे मेल पाठवले होते, असं अमेरिकेच्या न्याय खात्याने नंतर आरोपपत्रात मांडलं. बघा, एकीकडे वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आणि दुसरीकडे नोकरीचा अर्ज. कोणत्याही ऑफिसात न उघडता राहणार नाहीत असेच दोन कागद.

पाकिटावरचं नाव कोणीही लिहू शकतो

आता हे शक्य का होतं, ते समजून घेऊ. कारण दुखणं कळल्याशिवाय औषध कळत नाही.

मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर ज्या नियमांनी जातो त्यांना एसएमटीपी म्हणतात. हे नियम १९८२ साली लिहिले गेले. तेव्हा या जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोयच त्यात ठेवली नव्हती.

आपल्या टपालासारखंच समजा. पाकिटाच्या मागे "प्रेषक" म्हणून मी कलेक्टरसाहेबांचं नाव लिहिलं, तर पोस्टमन मला विचारत नाही. मेलमध्ये तर दोन ठिकाणी नाव असतं. एक पाकिटावर, जे फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात. दुसरं आतल्या पत्रावर, जे तुम्हाला पडद्यावर दिसतं. ही दोन नावं वेगळी असली तरी मूळ नियमांना चालतं. फसवणुकीचं मूळ या फटीत आहे.

ही फट बुजवायला पुढे तीन गोष्टी आल्या. नावं अवघड आहेत, काम सोपं आहे.

पहिली एसपीएफ. आपल्या डोमेनच्या जाहीर नोंदीत, म्हणजे डीएनएसमध्ये, आपण लिहून ठेवतो की आमच्या नावाने टपाल टाकायचा अधिकार फक्त अमुक सर्व्हरांना आहे. एक प्रकारचं मुखत्यारपत्रच. समोरचा सर्व्हर ते वाचतो आणि मेल त्याच सर्व्हरवरून आला का ते बघतो. पण लक्षात ठेवा, एसपीएफ पाकिटावरचं नाव तपासतं, पत्रावरचं नाही.

दुसरी डीकेआयएम. जुन्या काळी महत्त्वाच्या पाकिटाला लाखेची मोहर लावत. मोहर शाबूत म्हणजे मजकूर शाबूत. इथे तुमचा सर्व्हर प्रत्येक मेलवर गणिती सही करतो. सहीची गुप्त किल्ली सर्व्हरजवळ, आणि तपासायची उघड किल्ली डीएनएसमध्ये. वाटेत कोणी खाते क्रमांक बदलला तर सही जुळत नाही.

तिसरी डीमार्क. ही पहिल्या दोघींना एकत्र बांधते. पत्रावर जे नाव दिसतं, त्याच नावाशी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी जुळलंच पाहिजे, असा तिचा आग्रह. नाही जुळलं तर काय करायचं, हेही तुम्हीच लिहून ठेवता. तीन पर्याय आहेत. काही करू नका, फक्त मला कळवा. संशयित म्हणून स्पॅममध्ये टाका. किंवा दारातूनच परत पाठवा.

इथे एक धोक्याची सूचना. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी "परत पाठवा" लावू नका. तुमच्या नावाने मेल पाठवणारे बरेच असतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर असतं, वेबसाइटचा फॉर्म असतो, पगारपत्रकं पाठवणारी सेवा असते. त्यांतली एखादी नोंदवायची राहून गेली तर तुमचीच बिलं परत यायला लागतील. म्हणून आधी "फक्त कळवा" ठेवा. जगभरचे मोठे सर्व्हर तुम्हाला बहुधा रोज अहवाल पाठवतात, की तुमच्या नावाने आमच्याकडे कुठून कुठून मेल आले. काही आठवडे ते वाचा. आपली सगळी माणसं यादीत आली की मग स्पॅम, आणि मग परत. अनेक कंपन्या पहिल्या पायरीवरच वर्षानुवर्षं बसून राहतात. म्हणजे दारावर पहारेकरी ठेवला आणि त्याला सांगितलं, चोर आला तर फक्त वहीत लिही.

हे आता ऐच्छिकही राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. जीमेलसाठी ही मर्यादा दिवसाला पाच हजार मेलची आहे. त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवंच. नाहीतर तुमची दरपत्रकं ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडून राहतात आणि तुम्ही म्हणत बसता, "गिऱ्हाईक उत्तर काहून देत नाही?"

घरची विहीर की नळाचं पाणी

पुढचा प्रश्न नेहमीचा. सर्व्हर आपल्या ऑफिसात ठेवावा, की गुगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो अशांकडून भाड्याने घ्यावा?

स्वतःचा सर्व्हर म्हणजे घरची विहीर. पाणी आपलं, पण गाळ आपणच काढायचा, कठडा आपणच बांधायचा. सर्व्हर ठेवायचा तर कायमचा आयपी पत्ता लागतो. त्या आयपीवरून उलट शोधलं तर तुमचंच नाव निघेल अशी नोंद इंटरनेट पुरवणाऱ्याकडून करून घ्यावी लागते. तुमच्या आयपीवरून आधी कोणी स्पॅम पाठवलं असेल तर तो काळ्या यादीत असतो, तिथून नाव काढून घ्यावं लागतं.

विजेचं काय, असा प्रश्न इथे हमखास येतो. त्याचं उत्तर दिलासा देणारं आहे. तुमचा सर्व्हर रात्रभर बंद राहिला तरी येणारा मेल लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. किमान चार-पाच दिवस प्रयत्न करावा, असं नियमांतच लिहिलं आहे. पोस्टमन बंद घर बघून पत्र फेकून देत नाही, दुसऱ्या दिवशी परत येतो, तसंच.

खरी अडचण विजेची नाहीच, ती डागडुजीची आहे. मार्च २०२१ चं उदाहरण घ्या. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये चार गंभीर त्रुटी निघाल्या. २ मार्चला कंपनीने तातडीने दुरुस्ती दिली. तोवर हल्लेखोर आत शिरायला लागले होते, आणि दुरुस्तीची बातमी फुटल्यावर तर झुंबड उडाली. जगभर हजारो संस्थांचे सर्व्हर फोडले गेले. त्यात एक बारकावा होता. चोराने आत शिरल्यावर मागचं एक छोटं दार करून ठेवलं होतं. ज्यांनी नंतर दुरुस्ती लावली, त्यांचं पुढचं दार बंद झालं, पण मागचं उघडंच राहिलं. म्हणून दुरुस्ती लावली एवढ्याने काम संपत नाही. त्याआधी कोणी आत येऊन गेलं का, हेही तपासावं लागतं. एक्स्चेंजच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोणाच्या ऑफिसात कोपऱ्यात तो अजून फिरत असेल, तर ते यंत्र म्हणजे कुलूप गंजलेलं गोदाम आहे.

तेव्हा माझं मत सरळ आहे. ज्यांच्याकडे दुरुस्ती आली की एक-दोन दिवसांत लावणारा, रोज लॉग बघणारा माणूस आहे, त्यांनीच घरी सर्व्हर ठेवावा. बाकीच्यांनी भाड्याने घ्यावा. आणि भाड्याने घेणं म्हणजे मुंबई-पुण्याचीच मक्तेदारी नाही. झोहोसारखी कंपनी तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या लहान जागेवरूनही आपलं काम चालवते. लहान गावातला माणूस हे काम करू शकत नाही, असं कॉलेजच्या मुलांनी अजिबात मनात आणू नये.

मात्र भाड्याने घेतलं म्हणजे जबाबदारी संपली, असंही नाही. नळाचं पाणी घेतलं तरी आपली टाकी आपणच धुवायची असते. सर्व्हरची डागडुजी कंपनी करेल. पण पासवर्ड कोणाला दिला, नोकरी सोडून गेलेल्याचं खातं बंद केलं का, डीमार्क लावलं का, हे सगळं तुमच्याकडेच राहतं.

स्वतःचा सर्व्हर असेल तर आणखी तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. एक, तुमच्या सर्व्हरवरून कोणाही परक्याला बाहेर मेल टाकता येता कामा नये. याला ओपन रिले म्हणतात. असा सर्व्हर म्हणजे कुलूप नसलेली टपालपेटी, स्पॅमवाले एका रात्रीत ती शोधतात. दोन, कर्मचाऱ्यांना मेल पाठवायला वेगळं, कुलपाचं दार द्या, ५८७ किंवा ४६५ या पोर्टवर, एन्क्रिप्शन आणि पासवर्डसह. चार-सहा वेळा पासवर्ड चुकला की तो पत्ता काही वेळ अडवायची सोय ठेवा. तीन, बाहेर जाणाऱ्या मेलवर मर्यादा घाला. ज्या माणसाचे दिवसाला चाळीस मेल जातात, त्याच्या खात्यातून तासाला दोन हजार जायला लागले, तर सर्व्हरने आपोआप थांबावं आणि तुम्हाला उठवावं.

पासवर्ड चोरला गेला तरी

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे सगळं लावलं, तरी आपल्या गाठींच्या उदाहरणातला चोर थांबला असता का? नाही. कारण त्याने खोटं नाव लिहिलंच नाही. तो खऱ्या मेलबॉक्समधून बोलत होता. मोहर खरी, मुखत्यारपत्र खरं, आतला माणूस खोटा.

त्याला अडवायला दुहेरी पडताळणी लागते. पासवर्डनंतर मोबाइलच्या ॲपवरचा आकडा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पासकी किंवा यूएसबीची सुरक्षा-किल्ली. आकडा तर चोर फोन करून गोड बोलून मागून घेतो, किंवा खोट्या पानावर टाकायला लावतो. सुरक्षा-किल्ली खोट्या पानावर चालतच नाही. सगळ्यांना देणं परवडत नसेल तर मालक, अकाउंटंट आणि सर्व्हरचा प्रशासक या तिघांना तरी द्या.

आणि मागची दारं बंद करा. जुने फोन आणि जुनी सॉफ्टवेअरं पॉप किंवा आयमॅपने फक्त पासवर्डवर मेल ओढतात, त्यांना दुहेरी पडताळणी माहीतच नसते. ती पद्धत चालू ठेवली, तर पुढच्या दाराला तीन कुलपं आणि न्हाणीघराची खिडकी उघडी, अशी गत होते. प्रशासकाने महिन्यातून एकदा सगळ्या मेलबॉक्सचे नियम तपासावेत. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप मेल पाठवणारा नियम दिसला, तर कोणी लावला ते विचारावं. शक्य असेल तर ती सोयच बंद करावी.

चोर दुसरी एक वाट धरतो. तुमच्या नावासारखंच नाव विकत घेतो. एक अक्षर इकडचं तिकडं. त्या नावावर तो स्वतःचं एसपीएफ, स्वतःचं डीमार्क व्यवस्थित लावतो. सगळ्या तपासण्यांत तो पास होतो, कारण ते डोमेन खरोखर त्याचंच असतं. इथे यंत्र हात टेकतं आणि माणसाला पुढे यावं लागतं.

म्हणून ऑफिसात एकच नियम कागदावर लिहून भिंतीला लावा : बँक खातं बदलल्याचं मेलवर कळलं, तर आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे जाणार नाहीत. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, तो चोराचाच असतो. आणि हा नियम मालकालाही लागू. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून एक कोटीहून जास्त रक्कम गेली, ती कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप संदेशांवरून. माध्यम मेलचं नव्हतं, पण युक्ती तीच. साहेबांचा निरोप, घाईचं काम, प्रश्न विचारायची सोय नाही. आपल्याकडे "साहेबांना परत कसं विचारायचं?" हा संकोच फार मोठा आहे. चोर या संकोचावरच जगतो. मालकांनो, अकाउंटंटने खात्रीसाठी फोन केला तर त्याच्यावर खेकसू नका. तो तुमचे पैसे वाचवतोय.

आवक-जावक रजिस्टर

सरकारी कचेरीत आवक-जावक रजिस्टर असतं. पत्र केव्हा आलं, कोणाकडे गेलं, सगळी नोंद. मेल सर्व्हरचं लॉग म्हणजे तेच. कोणी कुठून लॉगिन केलं, कुठला मेल कुठे गेला, हे त्यात असतं. चोरी झाल्यावर हेच एकमेव साक्षीदार.

सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले, त्यात कंपन्यांनाही लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं आहे. ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवून ठेवायला सांगितलं आहे. घड्याळाचं ऐकून काहींना हसू येतं. पण सर्व्हर म्हणतो सव्वादहा आणि फायरवॉल म्हणते दहा वाजून दोन मिनिटं, तर कोर्टात घटनांचा क्रम कसा सांगणार? लॉग त्याच सर्व्हरवर ठेवू नका, दुसरीकडे प्रत जाऊ द्या. चोर आत आला की आधी रजिस्टरचीच पानं फाडतो.

बॅकअपचंही तसंच. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि वर्षातून दोनदा त्यातून खरोखर मेल परत काढून बघा. बॅकअप होतोय असं वाटणं आणि बॅकअप असणं यात फार अंतर आहे.

बँका आणि पतसंस्थांसाठी

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. तो हल्ला एटीएमच्या आणि स्विफ्टच्या यंत्रणेवर होता. पण त्याने सहकारी क्षेत्राची झोप उडवली. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आणली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात तर बँकांच्या चार पातळ्या ठरवल्या. त्यात अगदी पहिल्या पातळीवरच्या, म्हणजे लहानात लहान नागरी बँकेलाही सांगितलं, की बँकेचं स्वतःचं ई-मेल डोमेन असावं आणि त्यावर डीमार्क लावलेलं असावं. पुढे २०२५ मध्ये बँकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत "डॉट बँक डॉट इन" या राखीव नावाखाली यावं, असा आदेश निघाला. हे नाव बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच ते देते. त्यामुळे एक अक्षर बदलून नाव घेण्याची वाट इथे बंद होते. ग्राहकांनी एवढंच शिकायचं, शेवटी "डॉट बँक डॉट इन" नसेल तर सावध.

पतसंस्था आणि खाजगी कंपन्यांना हे राखीव नाव मिळत नाही. पण स्वतःचं डोमेन घ्यायला कोणी अडवलेलं नाही. वर्षाला हजार-बाराशे रुपयांचा मामला. कोट्यवधींच्या ठेवी सांभाळणारी संस्था फुकटच्या मेलवर चालते, तेव्हा ठेवीदाराला खरा मेल आणि खोटा मेल वेगळा कसा करायचा, याचं काहीच साधन उरत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते डोमेन कोणाच्या नावावर आहे? वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर घेतलं असेल, तर सातबारा त्याचा आणि पीक तुमचं. तो पुण्याला नोकरीला गेला, नूतनीकरण राहिलं, आणि एक दिवस सगळे मेल बंद. दुसऱ्याने ते नाव विकत घेतलं तर तुमच्याकडे येणारी पत्रं त्याच्याकडे जातील. उद्या सकाळी ऑफिसात जाऊन पहिलं हे तपासा. दुसरं, मालक आणि अकाउंटंट यांची दुहेरी पडताळणी. तिसरं, मेलबॉक्समधले लपलेले नियम. चौथं, भिंतीवरचा कागद. एवढ्याला पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

श्रोत्यांचे प्रश्न

*पैसे गेल्याचं लक्षात आलं तर पहिलं काय करायचं?*

लगेच आपल्या बँकेला कळवायचं आणि १९३० या क्रमांकावर फोन करायचा. लाज, चौकशी, कोणाची चूक, हे सगळं नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, ते गोठवायचे तर दिवस नाही, तास मोजावे लागतात. नंतर पासवर्ड बदला, सगळीकडची चालू लॉगिनं बंद करा, नियम काढा. मात्र कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका. पुरावा त्यातच आहे.

*सर, आमच्याकडे आठच जण आहेत. वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही.*

ठेवू नका. सेवा भाड्याने घ्या. पण प्रशासकाचं खातं रोजच्या मेलसाठी वापरू नका, ते वेगळं ठेवा. आणि त्याची किल्ली दोघांकडे असू द्या. एकाच माणसाकडे असली तर तो आजारी पडला की ऑफिस आजारी पडतं.

*मी शेवटच्या वर्षाला आहे. हे काम शिकायचं असेल तर?*

स्वस्तात एक डोमेन घे, एक छोटा सर्व्हर भाड्याने घे, त्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट बसव. तिन्ही नोंदी लाव. मग जीमेलला मेल पाठव आणि त्याचं मूळ रूप उघडून बघ, तिन्ही तपासण्या पास झाल्या का ते तिथे लिहिलेलं असतं. पहिल्यांदा होणार नाहीत. का झाल्या नाहीत ते शोध. सर्व्हर चालू केल्यावर पहिल्या रात्रीचं लॉग सकाळी वाच. जगातून किती जण तुझं दार हलवून गेले ते दिसेल. मग "पुसदला कोण येतंय" असं तू कधी म्हणणार नाहीस.

*अकाउंटंटच्या हातून चूक झाली तर त्याच्या पगारातून कापावं का?*

अवघड प्रश्न विचारलात. माझं उत्तर असं आहे. खात्रीचा फोन करायचा नियम लिहिलेला होता का? दुहेरी पडताळणी दिली होती का? तुम्हाला परत विचारायची त्याला मुभा होती का? यातलं काहीच नसेल, तर गोदामाला कुलूप तुम्ही लावलं नाही आणि दंड राखणदाराला करताय. आणखी एक सांगतो. ज्या ऑफिसात चुकीला शिक्षा होते, तिथे पुढची चूक लपवली जाते. खोट्या पानावर पासवर्ड टाकल्याचं कोणी त्याच मिनिटाला येऊन सांगितलं, तर पासवर्ड बदलून काम भागतं. भीतीने दोन महिने सांगितलं नाही, तर शंभर गाठी जातात.